पेट्यांजवळ कोण झोपणार?

सुप्रभाताई आजगावकरांना काळजी करायला कारण लागायचं नाही. टोकियोजवळच्या ग्योतोकु स्टेशनवर गाडी जरा उशिरा आली, की ती यायच्या आत त्यांच्या मनात दोनचार अपघात होऊन जायचे. जाळायच्या कचऱ्याची पिशवी चुकीच्या दिवशी खाली गेली तर त्या ती उचलून परत वर आणायच्या, आणि शेजारीण काय म्हणाली असेल याचा दिवसभर विचार करायच्या. आम्ही त्यांच्या खालच्या मजल्यावर राहायचो. लग्न होऊन मी जपानला आले ते ब्याण्णव साली. त्या भागात मराठी घरं तेव्हा अगदी मोजकी. तांदूळ कुठला घ्यायचा इथपासून डॉक्टरांना दुखणं कसं सांगायचं इथपर्यंत सगळं मला त्यांनीच शिकवलं. अशी सदा धास्तावलेली बाई दोन वैऱ्यांच्या मधोमध बसून दोघांचं बोलणं तिसऱ्याला पोचवते, असं मला कोणी सांगितलं असतं तर माझा विश्वास बसला नसता.

पण चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात तसं घडलं. त्यातलं थोडं मी पाहिलं. बाकीचं त्यांनीच मला भाजी निवडताना, कधी तोझाई लाइनच्या गाडीत उभ्याउभ्या, तुकड्यातुकड्यांनी सांगितलं.

त्यांचा जन्म आफ्रिकेतला, मोझांबिकच्या बैरा बंदरातला. वडील भानुदास पेडणेकर मूळ वेंगुर्ल्याचे. बैरात एका गुजराती कापडवाल्याच्या पेढीवर ते कारकून होते. मोझांबिकवर तेव्हा पोर्तुगालचं राज्य. त्यामुळे शाळा पोर्तुगीज, मैत्रिणींशी भांडण पोर्तुगीज, आणि घरात पाऊल टाकलं की मराठी. एकसष्टच्या डिसेंबरात आपलं सैन्य गोव्यात शिरलं. पोर्तुगीज सरकारने त्याचा राग तिकडच्या भारतीयांवर काढला. दुकानांना सील लागलं आणि भारतीय पासपोर्ट असलेल्यांना बायकामुलांसकट गावाबाहेर तारेच्या कुंपणात नेऊन ठेवलं. सुप्रभा तेव्हा अकरा वर्षांची होती.

एका संध्याकाळी तिथे एक अधिकारी आला आणि पोर्तुगीजमध्ये म्हणाला, की उद्या सकाळी पुरुषांना दुसरीकडे हलवणार आहोत, ज्यांना औषधं लागतात त्यांची आजच बांधून द्या. बहुतेक बायकांना पोर्तुगीज येत नव्हतं. पेढीचे शेठ मध्ये उभे राहून सांगत असत. माणूस मायाळू. बायका रडतील, मुलं घाबरतील, म्हणून ते एवढंच म्हणाले, "काही नाही, उद्या हजेरी घेणार आहेत." सुप्रभाने दोन्ही ऐकलं. तिला वाटलं आपल्याच ऐकण्यात काहीतरी चुकलं, एवढा मोठा माणूस चुकीचं कशाला सांगेल? सकाळी ट्रक आले आणि पुरुषांना चढवून घेऊन गेले. वडिलांच्या दम्याच्या गोळ्या आईच्या ट्रंकेत राहिल्या. ते परत आले तेव्हा खांद्याला धरून उतरवावे लागले. पुढे बरीच वर्षं जगले, पण जिना चढताना मध्ये थांबायचे ते कायमचं.

"शेठनी वाईट बुद्धीने नव्हतं केलं ग," सुप्रभाताई म्हणायच्या. "पण बोटीवरून मुंबईला येईपर्यंत आई त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही."

मुंबईहून ती मंडळी मडगावला आजोळी गेली. तिथे पोर्तुगीज टिकलं, वाढलंही. सुप्रभाताई काही वर्षं एका कॉलेजात ती भाषा शिकवत होत्या. मग जगदीशरावांशी लग्न झालं. ते मातीच्या रसायनशास्त्रातले संशोधक. शहाऐंशी साली टोकियोच्या एका संशोधन संस्थेत त्यांना जागा मिळाली आणि छोट्या नूपुरला घेऊन सगळे इथे आले. इथे पोर्तुगीजचा काय उपयोग, असं त्यांना वाटायचं. पण नव्वदनंतर ब्राझीलहून जपानी वंशाचे कामगार कारखान्यांत यायला लागले. त्यांच्या अडीअडचणींसाठी एका संस्थेने टेलिफोन सुरू केला, आणि सुप्रभाताईंना तिथे आठवड्यातून तीन दिवसांचं आरुबाइतो, म्हणजे पार्ट-टाइम काम, मिळालं. कोणाचा हात मशीनमध्ये गेलेला, कोणाचा पासपोर्ट मालकाने काढून घेतलेला. त्या ऐकायच्या, सांगायच्या, आणि घरी येऊन त्या माणसांची काळजी करायच्या.

तिथूनच त्यांचं नाव कावाहारा-सानांपर्यंत गेलं. कावाहारा-सान, म्हणजे कावाहारासाहेब, परराष्ट्र खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. टोकियोतल्या कुदानला त्यांचं एक लहानसं खासगी मंडळ होतं. मोझांबिकमधलं सोळा वर्षांचं युद्ध दोन वर्षांपूर्वी थांबलं होतं आणि ऑक्टोबरात पहिली खुली निवडणूक व्हायची होती. पुष्कळ देश मदतीला उभे होते. कोणी पैसे देत होतं, कोणी मतपेट्या. जपानचे सैनिक तिथे होते, आपल्याही लष्कराच्या तुकड्या होत्या. कावाहारा-सानांचं म्हणणं असं, की मोठ्या नेत्यांशी बोलायला सगळे आहेत, पण गावागावांत मतदान प्रत्यक्ष घडवणाऱ्या माणसांना कोणी एका टेबलाशी बसवलेलं नाही. म्हणून त्यांनी सरकारकडचा एक माणूस आणि रेनामोचा, म्हणजे पूर्वीच्या बंडखोरांचा, एक माणूस चार दिवसांसाठी टोकियोला बोलावला. टोकियोतल्या वकिलातींतले काही अधिकारी ऐकायला येणार होते, म्हणून पोर्तुगीजमधून इंग्रजीत आणि इंग्रजीतून पोर्तुगीजमध्ये सांगणारं कोणीतरी हवं होतं. ठरलेल्या दुभाष्याला ऐनवेळी अपेंडिक्सचं ऑपरेशन करावं लागलं.

"मला जमणार नाही," सुप्रभाताई फोनवर म्हणाल्या. मग रात्रभर तळमळल्या, आणि सकाळी आपणहून फोन करून हो म्हणाल्या.

कावाहारा-सानांनी त्यांना आधी कॉफीला बोलावलं. 'आजगावकर' त्यांच्या तोंडात बसेना. त्यांनी त्याचं 'आजु-सान' केलं.

"आजु-सान, या कामात नुसते शब्द महत्त्वाचे नसतात. वातावरण सांभाळायला लागतं. कोणी तापलं, तर तुम्ही ते थोडं... मऊ करून सांगा."

"हाय," सुप्रभाताई म्हणाल्या. जपानीत हो म्हणतात ते. पण हे हो म्हणजे समजलं इतकंच, असं त्यांनी मला नंतर स्पष्ट करून सांगितलं.

तो उन्हाळा भाजून काढणारा होता. आदल्या वर्षी जपानात भाताचं पीक बुडालं होतं आणि दुकानांत थायलंडचा लांब दाण्याचा तांदूळ आला होता. जपानी बायका नाक मुरडत होत्या, आमच्याकडे मात्र चंगळ होती. सभेच्या पहिल्या दिवशी सुप्रभाताईंनी डब्यात त्याच तांदळाचा दहीभात नेला आणि तसाच परत आणला.

सरकारकडचे लांगा चष्मा लावणारे, बारीक अंगाचे, पूर्वीचे शाळामास्तर. रेनामोचे म्लांबो थोराड, संथ, पूर्वी जंगलात तुकडी सांभाळलेले. अंगावर नवा कोट, बाहीवर दुकानाची पट्टी शिवलेली तशीच. ती काढायची असते हे त्यांना सांगावं असं सुप्रभाताईंना सारखं वाटत होतं, पण धीर झाला नाही. दोघे टेबलाच्या दोन टोकांना बसले. पहिला दिवस लिहून आणलेली भाषणं वाचण्यात गेला. आभार, शुभेच्छा, टाळ्या. दोघांनी एकमेकांकडे एकदाही पाहिलं नाही. कावाहारा-सान खूश होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मतदानाच्या व्यवस्थेवर बोलणं निघालं. म्लांबोंनी समोरचा माइक बाजूला सारला.

"तुम्ही पेट्या देताय, शाई देताय, मोटारी देताय. आभारी आहोत," ते म्हणाले. "पण मतदान एका दिवसात संपणार नाही. पहिल्या दिवशीची मतं पेटीत असतील आणि मध्ये रात्र असेल. त्या रात्री पेट्यांजवळ कोण झोपणार? पोलीस? पोलीस यांचे आहेत. त्या रात्रीत पेटीत एक जरी कागद जास्त पडला, तर आमची पोरं परत जंगलात जातील. आणि आम्ही सगळ्या बंदुका देऊन टाकल्यात असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्या भ्रमात राहू नये."

सगळे सुप्रभाताईंकडे बघायला लागले. वकिलातीतला एक तरुण लिमलेटच्या गोळीचा कागद सोडत होता. कावाहारा-सानांना पोर्तुगीज येत नव्हतं, पण आवाज समजत होता. त्यांनी सुप्रभाताईंकडे बघून टेबलावर हात आडवा ठेवला. हळू, असं.

मऊ वाक्य तयार होतं. पेट्यांच्या सुरक्षिततेबद्दल श्री. म्लांबो यांना थोडी चिंता वाटते. इंग्रजीत ते किती छान बसलं असतं. सुप्रभाताईंनी लांगांकडे पाहिलं. लांगांना तर पोर्तुगीजमधलं सगळं समजलंच होतं. म्हणजे आपण मऊ सांगितलं, तर खोलीत त्या दोघांना खरं माहीत असणार, आणि मदत करायला आलेल्यांना तेवढं कळणार नाही.

त्यांनी सगळं सांगितलं. पोरं, जंगल, बंदुका, भ्रम, सगळं, त्याच क्रमाने.

गोळीचा कागद वाजायचा थांबला. लांगा उभे राहिले.

"यांनी माझी शाळा जाळली," ते म्हणाले. "सुट्टी होती म्हणून मुलं आत नव्हती. मी ते गिळून इथे आलो. आणि हा माणूस टोकियोत बसून मला पुन्हा बंदूक दाखवतो?"

दुभाष्याने 'ते म्हणतात' असं म्हणायचं नसतं, स्वतःच बोलल्यासारखं सांगायचं असतं. "यांनी माझी शाळा जाळली," सुप्रभाताई इंग्रजीत म्हणाल्या. त्यांचं वाक्य पुरं होईस्तोवर लांगा दार उघडून निघून गेले होते.

सभा तिथेच थांबली. कावाहारा-सान सुप्रभाताईंना लिफ्टपर्यंत सोडायला आले. "आज फार त्रास झाला तुम्हाला," ते खाली वाकून म्हणाले. "उद्याचं... उद्या सकाळी कळवतो."

आठ वर्षं जपानात काढल्यावर या वाक्याचा अर्थ कोणी समजावून सांगायला लागत नाही: उद्या येऊ नका.

घरी जगदीशराव म्हणाले, "तू तुझं काम केलंस. यात चुकलं काय?"

"दोन माणसं बोलत होती, ती आता बोलत नाहीत. हे माझं काम?"

"पण ती बोलत होती कुठे? तूच म्हणालीस काल, एकमेकांकडे बघतही नाहीत."

"अहो, न बघता का होईना, एका खोलीत तरी होती!"

नूपुर तेव्हा दहा वर्षांची होती. मराठीत विचारलं तरी जपानीत उत्तर द्यायची. तिने दारातून डोकावून "दाइजोबु?" विचारलं. ठीक आहेस ना? सुप्रभाताई "दाइजोबु" म्हणाल्या आणि दूध उतू गेलं.

मग त्या खाली माझ्याकडे आल्या. हातात रिकामी वाटी होती, काय मागायला आल्या तेच विसरल्या होत्या. चपला न काढता दाराशीच बसल्या आणि म्हणाल्या, "मेधा, मी तिथे परत युद्ध लावून आले की काय ग?"

मला हसू आलं. एवढ्याशा बाईच्या एका वाक्याने कुठे युद्ध होतं का? पण त्यांच्याकडे बघितलं आणि हसू जिथल्या तिथे थांबलं. त्या खरोखर विचारत होत्या.

सकाळी फोन आला. सभागृहात नको, पाहुण्यांच्या हॉटेलवर या. आता काम गेल्याचं समोरासमोर सांगणार, असं धरूनच त्या निघाल्या. गाडी एदो नदी ओलांडत असताना त्यांनी माफीचं वाक्य जपानीत जुळवून ठेवलं.

हॉटेलच्या नाश्त्याच्या खोलीत म्लांबो बसले होते. शेजारी बांधलेली बॅग. कावाहारा-सान समोर, त्यांचा चहा गार झालेला. माफीच्या वाक्याची वेळच आली नाही.

"त्यांना आज परत जायचं आहे," कावाहारा-सान म्हणाले. "का, ते विचारा. आणि आजु-सान, जसं असेल तसं सांगा."

"मी जे सांगायला आलो ते काल पोचलं," म्लांबो म्हणाले. "दोन वर्षं मी हे कॅम्पात सांगतोय, बैठकांत सांगतोय. गोरे लोक मान हलवतात, लिहून घेतात, हसतात. हे कसलं मान हलवणं? मला वाटायचं, मधला माणूस काहीतरी वेगळंच सांगत असणार. काल पहिल्यांदा तुमची तोंडं बदलली. बास. आता इथे बसून काय करू?"

सुप्रभाताईंनी सांगितलं. कावाहारा-सानांनी गार चहाचा कप बाजूला सारला. आयुष्य राजनैतिक भाषेत घालवलेला माणूस, त्यांना पुढचं वाक्य जड गेलं असावं.

"मग कोण झोपलेलं चालेल तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

म्लांबोंना हे अपेक्षित नव्हतं. "आमचा माणूस."

"फक्त तुमचा?"

"...त्यांचाही असू दे. दोघं. एकाच खोलीत, पेटीच्या दोन बाजूंना."

वरच्या खोलीत लांगांना बोलावणं गेलं. ते आले, पण बसले नाहीत. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. कावाहारा-सानांनी सगळं सांगितलं. सुप्रभाताईंना वाटलं, आता हे पुन्हा दार उघडून जातील. त्यांची नजर त्या दारावरून हलेना.

"आणि जेवण?" लांगांनी विचारलं. "यांच्या माणसाला रात्री पोटात दुखलं तर हे म्हणतील सरकारने विष घातलं."

"आपापलं आणतील," म्लांबो म्हणाले.

"खोलीला कुलूप आतून की बाहेरून?"

"आतून."

"आतून नको. आग लागली तर?"

यावर दोघांची जुंपली. मग दिव्यावर जुंपली. अंधारात दोघांनी एकमेकांवर नजर कशी ठेवायची? कंदील लागणार, पण रॉकेल कोण देणार? सरकारने दिलं तर अर्ध्या रात्री संपेल, असं म्लांबोंचं म्हणणं. रेनामोने दिलं तर त्यात पाणी असेल, असं लांगांचं. सुप्रभाताई दोघांचंही बोलणं कावाहारा-सानांना सांगत होत्या. आवाज चढला, तर त्या तो चढलेला आवाजही सांगायच्या. कोणीतरी त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. कोणी, ते त्यांना कळलं नाही.

"आणि तुमचा माणूस झोपून घोरायला लागला तर?" लांगांनी विचारलं.

"तर तुमचा जागा राहील. तुमचा फायदाच आहे."

सुप्रभाताईंनी हे इंग्रजीत सांगितल्यावर कावाहारा-सान हसले. ते दोघे हसले नाहीत. पण लांगा खुर्ची ओढून बसले.

म्लांबो त्या दिवशी गेले नाहीत. चौथ्या दिवसापर्यंत थांबले. हस्तांदोलन मात्र झालं नाही. निघताना लांगा म्हणाले, "मी माझी शाळा विसरलेलो नाही." म्लांबो म्हणाले, "विसरा असं मी म्हटलेलं नाही." ते पोचवायची गरज नव्हती, दोघांची भाषा एकच होती. पण सुप्रभाताईंनी ते कावाहारा-सानांना सांगितलं, आणि कावाहारा-सानांनी दोघांनाही कमरेत वाकून नमस्कार केला.

विमानतळाच्या बसजवळ म्लांबो सुप्रभाताईंना म्हणाले, "सेन्योरा, तुमचं बोलणं बैराचं आहे." मग सुप्रभाताईंनी त्यांना लहानपणीच्या तारेच्या कुंपणाचं सांगितलं. म्लांबो ऐकत राहिले. "मी लहान होतो," ते म्हणाले. "भारतीयांची दुकानं एकाएकी बंद झाली आणि आमच्या गावात मीठ मिळेना. कारण आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं."

आता इथे एक सांगायला हवं. त्या नाश्त्याच्या खोलीत मोझांबिकचं भवितव्य वगैरे काही ठरलं नाही. असल्या प्रश्नांवर तिथे राजधानीत, मापुतोत, कितीतरी माणसं कितीतरी दिवस डोकं लावून बसली होती. पण सुप्रभाताईंना ते पटायचं नाही. चांगलं झालं तर आपलं काही नाही, आणि वाईट झालं तर सगळं आपल्यामुळे, असा त्यांचा हिशेब.

ऑक्टोबरात मतदानाच्या दिवशी सकाळी त्यांनी मला वर बोलावलं. रेडिओ लावलेला होता. मतदान सुरू व्हायच्या तोंडावर रेनामोच्या नेत्याने घोषणा केली होती, की निवडणुकीत घोटाळा होणार आहे, आमचा पक्ष भाग घेणार नाही.

"अंगोलासारखं होणार," सुप्रभाताई म्हणाल्या. अंगोलाही पोर्तुगिजांचंच जुनं राज्य. तिथे दोन वर्षांपूर्वी अशीच निवडणूक झाली होती, हरलेल्या पक्षाने निकाल मानला नाही आणि पहिल्यापेक्षा भयंकर युद्ध पेटलं होतं. हे सगळं त्या मला ओट्यापाशी उभ्या राहून सांगत होत्या, आणि कोमात्सुना या पालेभाजीची एकच जुडी पुन्हापुन्हा धूत होत्या.

त्यांनी कावाहारा-सानांना फोन लावला. बोलणं लगेच संपलं.

"काय म्हणाले?"

"सगळ्या देशांचे राजदूत त्या नेत्याशी बोलतायत म्हणे. शेजारच्या देशांचे, युरोपचे, अमेरिकेचे, युनोचे. आपण वाट बघू म्हणाले." त्यांनी फोनवरचा हात काढला नाही. "मेधा, म्लांबो आत्ता कुठे असेल? त्याने माणसं पाठवली असतील ना ग खोलीत झोपायला? की सगळ्यांना घेऊन परत..."

मी घरी जाऊच शकले नाही. दुपारी बातमी आली की लोक तरीही रांगा लावून उभे आहेत, बायका पाठीला पोरं बांधून पहाटेपासून आल्या आहेत. त्याने सुप्रभाताई आणखी घाबरल्या. एवढी माणसं उघड्यावर, एका जागी. नूपुर शाळेतून आली. आईचं ताट तसंच झाकलेलं बघून तिने दप्तर खाली ठेवलं आणि स्पष्ट मराठीत म्हणाली, "आई, जेव ना ग." सुप्रभाताईंनी दोन घास खाल्ले.

दुसऱ्या दिवशी कावाहारा-सानांचाच फोन आला. रेनामोचा नेता निवडणुकीत परत आला होता. तक्रारींची नीट चौकशी करू, असं त्याला सगळ्यांनी मिळून वचन दिलं होतं. मतदान आणखी एक दिवस वाढवलं होतं. सुप्रभाताईंनी फोन ठेवला आणि त्या चपला काढायच्या पायरीवर मटकन बसल्या. मला वाटलं रडतील. "पाणी दे," म्हणाल्या, आणि पाणी पिऊन झाल्यावर, "एक दिवस वाढवला म्हणजे पेट्यांना एक रात्र जास्त."

निकाल नोव्हेंबरात लागला. सरकारचा पक्ष जिंकला. रेनामोने कुरकुर केली, पण निकाल मानला आणि त्यांची माणसं संसदेत जाऊन बसली. लांगांकडून कावाहारा-सानांना निरोप आला, तो त्यांनी फोन करून सुप्रभाताईंना सांगितला. लांगांच्या भागात एका गोदामात दोन पक्षांची दोन माणसं पेट्यांच्या दोन बाजूंना चटया टाकून झोपली. दुसऱ्या रात्री कंदिलावरून भांडण झालं. बाकी काही नाही. म्लांबोंचा मात्र पत्ता कोणालाच नीट सांगता आला नाही. कोणी म्हणे आजारी आहेत, कोणी म्हणे शेती करतात.

नंतर अशी कामं सुप्रभाताईंकडे येत गेली. शहाण्णव साली कावाहारा-सानांनी अंगोलाच्या दोन्ही बाजूंची माणसं बोलावली. तिथेही समेट झाला होता, तोही जगातल्या देशांनी मध्ये पडून केलेला. या वेळी सगळं गोड झालं. कोणी उठून गेलं नाही, कोणी आवाज चढवला नाही. शेवटच्या दिवशी दोन्हीकडच्यांनी गळाभेट घेतली आणि सुप्रभाताईंना लाकडी मण्यांची माळ दिली. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी पोटभर जेवण केलं.

अठ्ठ्याण्णवच्या डिसेंबरात अंगोलात युद्ध पुन्हा पेटलं.

कित्येक दिवस त्या एकच विचारत राहिल्या. मला, जगदीशरावांना, स्वतःला. "माझ्याकडून काही गळलं का? एखादा शब्द? मी सगळं तस्संच सांगितलं होतं ग." शेवटी न राहवून त्या कावाहारा-सानांना भेटायला गेल्या. त्यांची प्रकृती उतरली होती, काठी घेऊन चालत होते. त्यांनी सांत्वन वगैरे केलं नाही.

"तुमच्याकडून काही गळलं नाही, आजु-सान," ते म्हणाले. "त्या चार दिवसांत कोणी चिडलंच नाही, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. मला बरं वाटत होतं, म्हणून मी पुढे विचारलं नाही."

त्या मला हे सांगत होत्या तेव्हा आम्ही कॉम्बिनीसमोर, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानासमोर, उभ्या होतो. वारा बोचरा होता. मी म्हटलं, "मग आता सोडून द्या ना हे काम. तुमच्या जिवाला घोर नुसता."

"सोडणारच आहे," त्या म्हणाल्या.

पुढच्या वसंतात पुन्हा फोन आला. या वेळी गिनी-बिसाऊची माणसं, तोही पोर्तुगीज बोलणारा, आपसांत लढून थकलेला एक लहान देश. सुप्रभाताई आदल्या संध्याकाळी खाली येऊन मला सांगून गेल्या, की आपल्याला जमणार नाही, पोट बिघडलंय, घसाही बसलाय, सकाळी फोन करून नाही कळवणार आहे. सकाळी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. खाली बघते तर त्या राखाडी कोट घालून, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत, स्टेशनकडे घाईघाईने निघालेल्या. मी हाक मारली नाही. गाडी चुकली असती.